तीन सेकंद धरून ठेवण्यासाठी: बीजेजे स्पर्धेआधीची गार्ड पासची तयारी

ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या स्पर्धेत पहिल्यांदा उतरणाऱ्या पांढऱ्या पट्ट्याच्या खेळाडूला सगळ्यात जास्त अडवतो तो गार्ड. समोरचा पाठीवर पडतो, दोन्ही पाय मध्ये आणतो, आणि पाच मिनिटांची लढत त्या पायांतच संपून जाते. कुस्तीत पाठ टेकली की चीत, त्यामुळे आखाड्यातून आलेल्याला वाटतं की आपण वर आहोत म्हणजे जिंकतोय. इथे तसं नसतं. वर असण्याचा एकही गुण मिळत नाही. पाय ओलांडून बाजूला जायचं, त्याला पाठीवर किंवा कुशीवर दाबायचं आणि तीन सेकंद तसंच धरायचं, तेव्हा गार्ड पासचे ३ गुण लागतात. आमच्याकडे रत्नागिरीत ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२५ या काळात मुंबईच्या एका स्पर्धेसाठी तयारी झाली, ती जवळजवळ पूर्ण याच एका गोष्टीभोवती होती. छोट्या गावातून, भाड्याच्या हॉलमध्ये, पावसाळ्यात हे सगळं करणाऱ्यांच्या उपयोगाला यावं म्हणून तपशिलात लिहीत आहे.

सुरुवात कागदांपासून करावी, कारण तिथेच सगळ्यात जास्त वाट पाहावी लागते. स्पर्धा आयबीजेजेएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सू महासंघाच्या, नियमांनी होती. अर्जावरचं नाव आधार कार्डावर आहे तसंच लागतं. वडिलांचं नाव मध्ये असेल तर तेही. पट्ट्याचा रंग तुमच्या प्रशिक्षकाने मान्य करावा लागतो, आणि तो होकार येईपर्यंत अर्ज अर्धवट दिसत राहतो. प्रशिक्षकांना फोन करून आठवण द्यायला संकोच करू नये. वयाचा गट जन्मतारखेवर नाही, जन्मवर्षावर ठरतो: १९९५च्या डिसेंबरात जन्मलेला माणूस २०२५च्या जानेवारीपासूनच ३० वर्षांचा धरला जातो आणि मास्टर १ मध्ये बसतो. हवं तर तो अ‍ॅडल्ट गटातही खेळू शकतो, पण तिथे विशीतली मुलं असतात. १८ वर्षांखालच्यांना पालकांचं संमतिपत्र लागलं. वैद्यकीय दाखला एमबीबीएस डॉक्टरांचा, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह हवा होता. तपासणीचे तीनशे रुपये झाले. प्रवेश फी अडीच हजारांच्या आसपास होती आणि ती परत मिळत नाही. पैसे खात्यातून गेले आणि अर्जावर मात्र 'प्रलंबित' असंच दिसत राहिलं, असं आमच्यातल्या दोघांच्या बाबतीत झालं. व्यवहार क्रमांकासह ईमेल पाठवल्यावर आठवड्याभराने नावं यादीत आली. तो स्क्रीनशॉट स्पर्धा संपेपर्यंत फोनमधून काढू नये.

वजनगट भरताना एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा: वजन गी, म्हणजे या खेळाचा जाड सुती पोशाख, घालून होतं. पुरुषांच्या अ‍ॅडल्ट गटात गीसह मर्यादा ६४, ७०, ७६, ८२.३ किलो अशा आहेत. गी आणि पट्टा मिळून दीड ते दोन किलो भरतात. म्हणजे ७०च्या गटासाठी नुसतं अंगाचं वजन ६८च्या आसपास हवं. वजन पहिल्या लढतीच्या अगदी आधी होतं, एकदाच होतं, आणि काटा पुढे गेला की बाद. त्यामुळे पाणी तोडून वजन उतरवायचा विचारच करू नये. काट्यावरून उतरल्यावर सावरायला वेळच नसतो. चार महिने आधी आपलं नेहमीचं वजन बघून गट निवडावा आणि तो विषय बंद करावा.

गी विकत घेताना आम्हाला पाच ते सात हजारांपर्यंत खर्च आला. रंग पांढरा, रॉयल निळा किंवा काळा, वर-खाली एकच. हात समोर सरळ धरल्यावर बाही मनगटापासून ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त वर असता कामा नये, आणि पँट घोट्याच्या हाडापासून तितकीच. नवा सुती गी धुतल्यावर आटतो, त्यामुळे दुकानात बरोबर बसणारा गी दोन महिन्यांनी आखूड होऊ शकतो. थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, आणि स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी टेपने पुन्हा मोजा. तेव्हा बाही आखूड निघाली तर दुसऱ्या गीची सोय करायला वेळ राहतो.

कोकणातला पावसाळा हा या तयारीतला स्वतंत्र प्रतिस्पर्धी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये जाड विणीचा गी तीन दिवस वाळत नाही. निदान दोन गी तरी लागतातच. आणि धुतल्यावर यंत्रात जास्तीत जास्त पिळून पंख्याखाली टांगायचा, वायरवर दुमडून नाही तर खांद्यांतून काठी घालून. कुबट वास आला म्हणजे बुरशी धरली. मॅट भिंतीला टेकून ठेवल्या तर खालच्या कडेला पाणी धरून काळे ठिपके येतात, म्हणून आम्ही त्या रोज उचलून उभ्या, एकमेकींत अंतर ठेवून लावत होतो. पुसायला सोडियम हायपोक्लोराइटचं पातळ द्रावण, दहा मिनिटं थांबून साध्या पाण्याचा हात. त्यात दुसरं कुठलंही फिनेल किंवा अ‍ॅसिड मिसळायचं नाही, विषारी वायू होतो.

आणि गजकर्ण. दमट हवेत, घासाघाशीच्या खेळात, हे होणारच असं धरून चालावं. अंगावर गोल, कडेला लाल, खाजणारा चट्टा दिसला की मॅटवर यायचं नाही आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. औषधाच्या दुकानातून तोंडी मागून घेतलेल्या मलमांत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवस खाज थांबते आणि नंतर चट्टा पसरतो, ओळखायलाही कठीण होतो. पूर्ण उपचाराला काही आठवडे लागतात. स्पर्धेच्या दिवशी अंगावर संसर्ग दिसला तर खेळू देत नाहीत, त्यामुळे सप्टेंबरातला चट्टा नोव्हेंबरातली फी बुडवू शकतो.

प्रत्यक्ष सराव ऑगस्टच्या मध्यावर बंद गार्ड उघडण्यापासून सुरू झाला. बंद गार्ड म्हणजे खालच्याने तुमच्या कमरेभोवती पाय घालून मागे घोटे अडकवलेले. गुडघ्यांवर बसून तो उघडण्याचे प्रकार आहेत, पण पांढऱ्या पट्ट्यावर उभं राहून उघडणं जास्त खात्रीचं, कारण उभं राहिल्यावर खालच्याला स्वतःचं वजन पायांनी पेलावं लागतं. क्रम असा. एका हाताने त्याच्या गीच्या दोन्ही लॅपेल (कॉलरच्या पुढच्या पट्ट्या) छातीच्या हाडाखाली एकत्र धरून खाली दाबायच्या, म्हणजे त्याला उठून बसता येत नाही. दुसऱ्या हाताने त्याची एक बाही पकडून त्याच्याच पोटाशी चिकटवायची. मग ज्या बाजूची बाही हातात आहे, त्याच बाजूचा पाय आधी उभा करायचा. हे उलटं केलं की त्याचा मोकळा हात तुमच्या पायाखाली शिरतो आणि स्वीपचे, म्हणजे खालून उलटवून वर येण्याचे, २ गुण त्याला जातात. दोन्ही पाय उभे झाले की कंबर पुढे, पाठ सरळ, नजर समोर. बाही सोडायची नाही. लॅपेलवरचा हात काढून त्याच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठेवायचा आणि खाली ढकलायचं. त्याच वेळी त्या बाजूचा पाय मागे. घोटे सुटतात.

इथे चुका ठरलेल्या असतात. डोकं पुढे झुकलं की तो क्रॉस चोक लावतो, म्हणजे हात आडवे घालून कॉलरने गळा आवळतो. तोल सावरायला हात मॅटवर टेकला की किमुरा, म्हणजे हात पिळून खांद्याला लावलेला लॉक. दोन्ही पाय एका रेषेत ठेवले की तो दोन्ही घोटे धरून गुडघ्यांनी ढकलतो आणि तुम्ही मागे बसता. त्यामुळे एक पाऊल नेहमी थोडं मागे. आणि घोटे सुटल्यावर क्षणभरही हुश्श करायचं नाही. उघडलेला गार्ड अर्ध्या सेकंदात पुन्हा बंद होतो, किंवा पाय तुमच्या कमरेवर येऊन बसतात. घोटे सुटताक्षणी एक गुडघा मध्ये घुसलाच पाहिजे. आम्ही म्हणून 'उघडणं' वेगळं आणि 'पास' वेगळा असा सराव पहिल्या आठवड्यानंतर थांबवला. उघडून गुडघा मध्ये आणेपर्यंत एकच हालचाल मोजायची.

रत्नागिरी-रायगडात या खेळाला येणारी बरीच मुलं कबड्डीतली असतात. त्यांची पकड जबरदस्त, घोटा तर आपोआपच हातात येतो. पण चढाई करणारा पकडला गेला की मध्यरेषेकडे अंग फेकतो, मागे झेपावतो. गार्डमध्ये ग्रिप लागली की हीच मुलं मागे रेलतात, आणि मागे रेललेल्या माणसाला पाडायला खालच्याला काहीच कष्ट पडत नाहीत. ही सवय बोलून जात नाही. त्यासाठी एक ड्रिल उपयोगी पडलं: खालचा दोन्ही बाह्या धरून फक्त ओढतो आणि ढकलतो, वरच्याने काहीही न करता फक्त कंबर पायांच्या वर ठेवायची. दोन मिनिटं. कंटाळवाणं आहे, पण करा.

२७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. कोकणात त्या दिवसांत सराव होत नाही, आणि व्हावा असा हट्टही धरू नये. हॉल बंद, अर्धी मुलं आरत्यांना आणि भजनांना. घरी करता येईल तेवढं म्हणजे पायांची पावलं: घोंगडी गुंडाळून जमिनीवर ठेवायची, ती समोरच्याची कंबर समजून तिच्या डाव्या-उजव्या बाजूला टोरिआंडोची (गुडघे एका बाजूला फेकून दुसऱ्या बाजूने जाण्याच्या पासची) पावलं टाकायची, शेवटी गुडघा तिच्यावर. दिवसाला दहा मिनिटं पुरेत.

अनंत चतुर्दशीनंतर, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, टोरिआंडो आणि नी-कट हे दोन पास हाती घेतले. पास डझनावारी आहेत. पहिल्या स्पर्धेसाठी तीन पुरे, आणि ते असे निवडावेत की एकाला अडवलं की दुसरा उघडावा.

टोरिआंडोमध्ये दोन्ही हातांनी त्याच्या पँटचं कापड गुडघ्यांशी धरायचं. घोट्याकडची कड धरायची असेल तर बाहेरून चिमटीत. बोटं पँटच्या तोंडात किंवा बाहीच्या तोंडात आत घालणं नियमबाह्य आहे आणि लगेच दंड होतो. मग त्याचे गुडघे एका बाजूला फेकायचे आणि आपण दुसऱ्या बाजूला जायचं, असं सगळे शिकवतात. यात राहून जाणारी गोष्ट पावलांची. हात फेकतात आणि पाय जागेवरच राहतात, मग माणूस कंबरेत वाकतो, डोकं खाली जातं, आणि खालचा नुसती कंबर वळवून पुन्हा समोर येतो. पहिलं पाऊल त्याच्या कमरेच्या शेजारी पडलं पाहिजे, डोक्याच्या दिशेला लांब वळसा घालून नाही. दुसरं: जवळचा पाय मॅटवर दाबून ठेवायचा आणि लांबच्या गुडघ्याची ग्रिप खांदा त्याच्या छातीवर टेकेपर्यंत सोडायची नाही. ती आधी सुटली की तो गुडघा पुन्हा मध्ये येतो. बहुतेक पास फसतात ते याच ठिकाणी.

आता नी-कट. हा पास जरा थांबून बघण्यासारखा आहे. समजा तुमचा उजवा गुडघा त्याच्या दोन पायांमध्ये आहे आणि तुम्हाला त्याच्या उजव्या बाजूला जायचं आहे. उजवी नडगी त्याच्या उजव्या मांडीवर आडवी येते आणि गुडघा मांडीवरून घसरत त्याच्या कमरेशेजारी मॅटवर उतरतो. मांडी त्या वेळी मॅटला चिकटलेली हवी. ती उभी असेल तर गुडघा घसरत नाही, अडतो. उजव्या हाताचा अंडरहुक, म्हणजे त्याच्या डाव्या काखेतून हात घालून खांद्यामागे. ज्या गुडघ्याने कापता त्याच बाजूचा हात, हे पाठ करून ठेवा. डाव्या हाताने त्याची उजवी बाही किंवा कोपर वर ओढून धरायचं, म्हणजे त्याला त्या कुशीवर नीट वळता येत नाही. डोकं त्याच्या डोक्याशेजारी, कपाळ मॅटकडे. छाती खाली, कंबर खाली. शेवटी उजवा घोटा त्याच्या पायांत अडकतो, तो जवळजवळ नेहमीच अडकतो. तेव्हा ओढाताण करायची नाही; वरचं अंग आधी पक्कं करायचं, मग डाव्या पायाच्या तळव्याने त्याचा वरचा गुडघा ढकलून घोटा सोडवायचा.

अंडरहुक आधी त्याला मिळाला तर नी-कट पुढे रेटू नये. तो त्याच हाताने तुमच्या पाठीमागे जातो, आणि पाठ घेण्याचे ४ गुण असतात. त्याच्या हातावरून ओव्हरहुक घालून दाब द्यायचा, कंबर मागे घेऊन पुन्हा समोर यायचं. घाईत असलेले खेळाडू इथेच लढत हरतात. सरावात जोडीदाराच्या मांडीच्या आतल्या बाजूला निळे डाग पडतात, त्यामुळे ड्रिल करताना गुडघ्यावर पूर्ण वजन टाकू नये.

हे दोन पास जुळतात ते असे. टोरिआंडोला तो जवळचा पाय आत आणून अडवतो. तो पाय आत आला की मांडी सपाट होते आणि नी-कटची जागा तयार होते. नी-कटला तो नडगी छातीवर आडवी लावून अडवतो, म्हणजे नी-शील्ड. तेव्हा उठून पुन्हा टोरिआंडो, दुसऱ्या बाजूला. सप्टेंबरचा शेवटचा पंधरवडा एवढंच केलं: वरचा एका बाजूला जाणार, खालचा सांगितलेली एकच प्रतिक्रिया देणार, वरचा दुसऱ्या बाजूला. सुरुवातीला संथ, मग खालच्याने दोनपैकी कुठलीही प्रतिक्रिया निवडायची.

याच सुमारास रेल्वेचं आरक्षण करून टाकावं. आगाऊ आरक्षणाची मुदत आता ६० दिवसांची आहे, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या प्रवासाची तिकिटं सप्टेंबरच्या शेवटी सुटतात. शुक्रवारी रात्रीची कोकणकन्या धरली की शनिवारी सकाळी मुंबई, आणि रविवारच्या लढतीआधी पूर्ण दिवस विश्रांतीला मिळतो. शनिवारी रात्री निघून रविवारी पहाटे उतरून थेट मॅटवर जाण्याचा बेत करू नका. गाडी वेळेवर आली तरी अंग आखडलेलं असतं.

दसरा २ ऑक्टोबरला होता. त्यानंतर पाऊस ओसरत गेला आणि तिसरा पास घेतला, ओव्हर-अंडर. एक हात त्याच्या एका मांडीवरून, दुसरा दुसऱ्या मांडीखालून, हातांनी कापड किंवा पट्टा धरून खांदा त्याच्या पोटाच्या खालच्या भागात रुतवायचा. गुडघे मॅटवरून उचलून वजन पायाच्या बोटांवर, म्हणजे सगळा भार खांद्यातून त्याच्यात जातो. नीट लागला की खालच्याला भिजलेलं भाताचं पोतं अंगावर टाकल्यासारखं होतं. मग बोटांवर चालत हळूहळू बाजूला. बर्नार्दो फारिया हा ब्राझीलचा विश्वविजेता याच पाससाठी ओळखला जातो. हा संथ पास आहे, नी-शील्ड लावून बसणाऱ्यांवर आणि ज्यांचे पाय आपल्यापेक्षा चपळ आहेत त्यांच्यावर फार उपयोगी. धोका एकच मोठा: ज्या पायावरून हात घातलाय तो पाय सुटून तुमच्या खांद्यावर आला तर एक हात आत, एक बाहेर होतो आणि ट्रँगल लागतो, म्हणजे पायांच्या त्रिकोणात गळा आवळला जातो. पाय सुटतोय असं वाटलं तर लगेच खांदा खाली आणि कोपर बंद. जोडीदाराची मान त्याच्या छातीकडे दुमडली जाईल असं त्याला रेटत नेऊ नका. सरावात मानेच्या दुखापती अशाच होतात. टॅप, म्हणजे हार मानल्याची थाप, लवकर द्यावा, आणि टॅप मिळताच सोडावं.

ऑक्टोबरातल्या उकाड्यात बंद हॉलमध्ये गी घालून संध्याकाळी रोल करणं, म्हणजे सरावाची लढत खेळणं, जड जातं. सकाळी लवकर भाट्याच्या किनाऱ्यावर, ओहोटीला उघड्या पडलेल्या घट्ट ओल्या वाळूवर, टोरिआंडोची पावलं आणि उभं राहून ग्रिप फायटिंग छान होतं. नी-कट मात्र वाळूवर करू नका. गुडघा रुतून थांबतो, वरचं अंग पुढे जातं आणि गुडघ्याला पीळ बसतो. शिवाय गीमध्ये वाळू गेली की मान सोलून निघते आणि वाळू मॅटवरही येते, त्यामुळे तिथे टीशर्टच बरा.

दिवाळीची सुट्टी धरून नोव्हेंबरात शेवटचे चार आठवडे उरले, आणि मग सरावाची पद्धत पूर्ण बदलली. सुटे ड्रिल फक्त वॉर्मअपला. बाकी सगळं ठरावीक स्थितीपासूनचं खेळणं: वरचा बंद गार्डमध्ये किंवा नी-शील्डसमोर, दोन मिनिटांचं घड्याळ, पास झाला किंवा स्वीप झाला की पुन्हा सुरुवात. आणि पास मोजायचा तो तीन सेकंद धरल्यावरच. तिसरा माणूस मोठ्याने मोजतो. हा नियम लावल्याबरोबर चित्र बदललं. ज्यांचे पास पूर्वी पाच-सहा व्हायचे त्यांचे दोनच उरले, कारण पाय ओलांडल्यावर खालचा कंबर बाहेर सरकवतो, गुडघा आत घालतो आणि गार्ड परत मिळवतो. सराव करताना सगळ्यांचं लक्ष पायांवर असतं. ते ओलांडले की माणूस मनातून थांबतो. खरं काम तिथून पुढचं आहे.

या तीन सेकंदांसाठी नेमकं करायचं काय? आधी डोकं, मग कंबर. क्रॉसफेस, म्हणजे मानेखालून हात घालून खांद्याने त्याचा जबडा पलीकडे वळवायचा; तोंड पलीकडे वळलेल्या माणसाला कंबर आपल्याकडे वळवता येत नाही. दुसरा हात किंवा जवळचा गुडघा त्याच्या कमरेशी अडसर म्हणून. छाती त्याच्या छातीवर आडवी, आपले गुडघे रुंद. तो जर गुडघ्यांवर उलटून कासवासारखा झाला तर पासचे गुण मिळत नाहीत, फक्त बरोबरीत कामी येणारा अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, म्हणून तो पलीकडे वळतोय असं जाणवताच लांबच्या बाजूचा अंडरहुक घट्ट करायचा. आणि पास होताना तुमचं डोकं गिलोटिनमध्ये (समोरून मानेभोवती हाताचा फास) अडकलेलं असेल तर ते सोडवेपर्यंत तीन सेकंद सुरूच होत नाहीत. बाहेरून ओरडणाऱ्या मित्रांना हे माहीत नसतं. ते 'पास झाला, धर' म्हणतात. आधी डोकं काढा.

पास झाल्यावर तसंच थांबून राहायचीही गरज नाही. हालचाली सलग होत गेल्या आणि ताबा सुटला नाही, तर शेवटच्या स्थितीत तीन सेकंद धरल्यावर वाटेतल्या सगळ्या स्थितींचे गुण मिळतात. पासवरून थेट पोटावर गुडघा, म्हणजे ३ आणि २. माउंटवर, म्हणजे त्याच्यावर स्वार होऊन बसलात, तर ३ आणि ४. उलट, टेकडाउन मारून (उभ्याने पाडून) थेट साइड कंट्रोलमध्ये (बाजूने छातीवर दाबून) उतरलात तर टेकडाउनचे २च मिळतात; गार्ड लागलाच नव्हता, तर पास कसला? हा फरक न कळल्यामुळे फलकावर गुण आपल्या हिशेबापेक्षा कमी दिसतात आणि खेळाडू गोंधळतो.

शनिवारी पूर्ण पाच मिनिटांच्या लढती, पंचासकट. पंचाचे इशारे ओळखीचे असावेत: हात वर करून दाखवलेली बोटं म्हणजे गुण, आणि कुणाचे ते मनगटावरच्या रंगाने कळतं. एका खेळाडूला जादा हिरवा-पिवळा पट्टा बांधतात. वेळ काढला तर दंड वाढत जातात: पहिला नुसता नोंदला जातो, दुसऱ्याला समोरच्याला अ‍ॅडव्हान्टेज, तिसऱ्याला २ गुण, चौथ्याला बाद. गार्डमध्ये वर बसून दम खाणाऱ्याला हे दंड सहज लागतात. उडी मारून बंद गार्ड घेणं पांढऱ्या पट्ट्याला बंद आहे, आणि गार्डमध्ये अडकलेल्या समोरच्याला उचलून आपटणं सगळ्यांनाच बंद. कुस्तीतून आलेल्यांना हे आधीच बजावून ठेवावं.

शेवटच्या आठवड्यात जड रोल बंद. सोमवार-मंगळवार हलकं ड्रिल, नंतर फक्त अंग मोकळं करणं. हाता-पायाची नखं कापा. जेवणात नवीन काही आणू नका; घरचा मऊ भात, वरण, मासे जे रोज चालतं तेच. गी पूर्ण कोरडा करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून न्या. हे नीटनेटकेपणासाठी नाही: दमट गी कित्येक ग्रॅम जादा भरतो आणि वजन गीसहच होतं. बोटांना बांधायची टेप, मूळ आधार कार्ड, दाखल्याची प्रत, चपला (मॅटबाहेर अनवाणी फिरू देत नाहीत), केळी, पाणी आणि दुसरा गी. मुंबईत स्टेडियमजवळ दोन रात्रींसाठी चौघांत एक खोली माणशी बाराशेला पडली. येण्या-जाण्याचं तिकीट, जेवण, रिक्षा धरून गी सोडून साधारण सात-आठ हजारांचा हिशेब धरावा.

लढतींचं वेळापत्रक दोन-तीन दिवस आधी येतं. त्यातली वेळ अंदाजाची समजा; गट पुढे-मागे होतो, कधी दोन छोटे गट एकत्र करतात. तासभर आधी वॉर्मअपच्या जागेत असावं. नाव पुकारलं की ओळखपत्र, गीचं माप, वजन, आणि मग मॅटच्या कडेला थांबणं. हे थांबणं पंधरा मिनिटांचंही असतं आणि दीड तासाचंही. या वेळात घाम थंड होतो आणि पहिल्या मिनिटातच दम लागतो, त्यामुळे दर दहा मिनिटांनी उभं राहून कंबर, खांदे हलवत राहावं. पोटात गोळा येतो, हात गार पडतात. सगळ्यांचंच होतं, रांगेतल्या समोरच्याचंही. लढत सुरू झाली की पहिली ग्रिप आपली लागली, तर ती भीती बरीचशी उतरते.

मॅटवर जे दिसलं ते सरावाशी जुळणारं होतं. आमच्या मुलांचे जे पास लागले त्यांतले बहुतेक टोरिआंडो अडवल्यानंतरच्या नी-कटने लागले. ओव्हर-अंडर दमलेल्या प्रतिस्पर्ध्यावर, चौथ्या मिनिटात चालला. जे हुकले ते अंडरहुक नसताना रेटलेले. बाहेर उभ्या असलेल्याने ओरडायचं ते फक्त उरलेला वेळ आणि गुण. दहा सूचना एकदम कुणालाच ऐकू येत नाहीत.

प्रत्येक लढत फोनवर आडवा व्हिडिओ करून घ्या, गुणफलक चौकटीत येईल असा. परत आल्यावर त्याच आठवड्यात बघायला बसा आणि वहीत एवढंच लिहा: पहिली ग्रिप कुणाची, गार्ड कुठला लागला, पास कुठे अडला, पाय ओलांडल्यापासून तो सुटेपर्यंत किती सेकंद. अंगावर चट्टा आलाय का तेही स्पर्धेनंतर पंधरा दिवस रोज आंघोळीला बघा. वेगवेगळ्या शहरांतली माणसं एकाच मॅटवर लोळलेली असतात. प्रमाणपत्रात नाव चुकलं असेल तर दुरुस्तीचा ईमेल अर्जाच्या क्रमांकासह लगेच पाठवावा. आमच्याकडे एकाचं दुरुस्त होऊन यायला महिना लागला.